मन मोकळं करायची खोली

माझी नोकरी बसायची होती. काय काम करता, असं कुणी विचारलं की मी "बसते" म्हणायची आणि विचारणारा हसायचा. पण ते खरं होतं. डॉक्टरांच्या खोलीत बाई रोगी आली की एका बाईनं कोपऱ्यात बसायचं, एवढ्याचाच मला पगार होता.

आमच्या गल्लीतल्या शाळेच्या बाई दिवाळी अंकासाठी मजकूर गोळा करतात. मला म्हणाल्या, "त्या काळात नोकरी केलेली बाई दुसरी कुठं सापडायची? लिहा चार पानं." मी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते त्यांना कळलं नाही. मलाही नक्की ठाऊक नव्हतं. लिहायला बसले आहे खरी, पण हे त्यांच्या हातात पडेल असं वाटत नाही. माझी शाळा चौथीपर्यंतची. अक्षर चांगलं आहे, बोलणं मात्र कधी जमलं नाही. चारचौघांत माझा आवाज घशातच राहतो. नोकरी मिळाली ती त्याच गुणावर.

मिठाच्या सत्याग्रहानंतरच्या दोन-चार वर्षांतली गोष्ट. बारामतीला एक डॉक्टर आले. पुण्याकडं वेड्यांच्या इस्पितळात त्यांनी नोकरी केली होती. माणसाचं मन आजारी पडतं, त्याला वेड म्हणू नये, ते बोलून बरं होतं, असं त्यांचं मत होतं. त्यांनी पाटीवर 'मनाचे विकार' असं लिहिलं, आणि गावानं त्यांचं नाव 'येड्यांचा डागदर' ठेवलं. पाटी दोन महिन्यांत उतरली. मग ते ताप-खोकला बघायला लागले आणि मनाचं काम आतल्या खोलीत गेलं.

बाई रोगी एकटी पुरुष डॉक्टरसमोर बसत नसे. सासू किंवा नवरा बरोबर बसला तर ती बोलत नसे. म्हणून डॉक्टरांना परकी, न बोलणारी बाई हवी होती. माझ्या दादाचं शिवणाचं दुकान दवाखान्यासमोर होतं. मी लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली, दादाच्या दुकानातल्या कोटांची काजं करून द्यायची. डॉक्टर कोट शिवायला आले, मला बघितलं, आणि दादाला म्हणाले, "तुमची बहीण बोलत नाही का?"

दादा म्हणाला, "बोलती की. संक्रांतीला."

झाली माझी नेमणूक.

पहिले काही महिने आमचं काम भलतंच चाललं. बाई माझ्या कानात बोलायची आणि मी डॉक्टरांना सांगायची. आता बायका जे सांगायच्या ते मला परक्या पुरुषासमोर तोंडातून काढता येत नव्हतं. मग मी म्हणायची, "पोटात दुखतं म्हणतात." जीव द्यावासा वाटतो, पोटात दुखतं. नवऱ्याची शिसारी येते, पोटात दुखतं. डॉक्टर एकदा वैतागून म्हणाले, "बाई, या तालुक्यात पोटाखेरीज कुणाला काही अवयव आहे की नाही?"

मग त्यांनी नेम बदलला. मी कोपऱ्यात तिवईवर बसायचं, तोंड भिंतीकडं. हातात शिवण. बाईनं खुर्चीत बसून डॉक्टरांशीच बोलायचं. "तुम्ही मध्ये नाही," ते मला म्हणाले. "तुम्ही फक्त आहात."

बाईला ते म्हणायचे, "मन मोकळं करा." हे त्यांचं आवडतं वाक्य. पुण्यात त्याचा जो काय अर्थ असेल तो असेल. आमच्याकडं बाई बाळंत झाली की मोकळी झाली म्हणतात. नवऱ्यानं पंचांसमोर सोडली तरी मोकळी केली म्हणतात. मेद गावच्या एका बाईला त्यांनी म्हटलं, "बाई, आता मोकळ्या व्हा." ती लाजून म्हणाली, "व्हऊन सव्वा म्हयना झाला की. पोरगा हाय." मी भिंतीकडं बघून हसले. माझे खांदे हलले असावेत, कारण डॉक्टरही हसले. ते वाक्य तेव्हाच बदलायला हवं होतं. पण शिकलेल्या माणसाचं आवडतं वाक्य कोण बदलणार?

येणाऱ्या बायका तऱ्हेतऱ्हेच्या. एक सासू सुनेला घेऊन आली आणि खुर्चीत स्वतःच बसली. डॉक्टर सुनेला विचारायचे, झोप लागते का, आणि सासू म्हणायची, "लागती, लई लागती, उठवावं लागतं." डॉक्टरांनी तिला बाहेर बसायला सांगितलं, तेव्हा दारातून ओरडून तिनं सुनेची उत्तरं चालू ठेवली. गुळाचे एक मोठे व्यापारी बायकोला आणून म्हणाले, "ही रडती तेवढं बंद करा. बाकी काय बोलायचं कारण न्हाय." आणि सणसरची तुळसाआजी होती. तिला काही झालं नव्हतं. पण कुणी ऐकून घेतं एवढं कळल्यावर ती दर बाजाराला यायची, म्हशीपासून जावयापर्यंत सगळं सांगायची, आणि जाताना म्हणायची, "आवशीद नको बाबा, ते कडू असतंय. तुजं ऐकणं ग्वाड हाय."

औषध म्हणून ब्रोमाइडचं मिश्रण असायचं. बाटलीवर कागदाची खाचा पाडलेली पट्टी, एका खाचेला एक वेळ. त्यानं बाई सुस्त व्हायची. बरं वाटायचं ते बोलण्यानंच, हे मी भिंतीकडं तोंड करूनही ओळखत असे. आत आलेली बाई आणि बाहेर गेलेली बाई यांच्या पावलांच्या आवाजात फरक असायचा. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटेल की डॉक्टर थोतांड होते. ते थोतांड नव्हते. त्यांची विद्या खरी होती. म्हणून तर राग जात नाही.

सुईचं सांगायचं राहिलं. कोटाच्या जाड कापडावर काज करताना दोऱ्याला मेण लावतात. प्रत्येक टाक्याला दोरा ओढला की सर्र असा बारीक आवाज होतो. एकदा एक बाई सासऱ्याबद्दल काही सांगत होती. ते ऐकून माझा हात थांबला. सर्र आवाज बंद झाला, तशी ती बाईही बंद झाली. पदर सावरून उठली आणि परत आली नाही.

डॉक्टर रागावले. "तुमची सुई थांबली. तुम्ही दचकलात हे तिला कळलं. काहीही कानावर आलं तरी सुई चालू राहिली पाहिजे. आपण बोललो ते जगात रोज कुणीतरी बोलतं, असं बाईला वाटलं पाहिजे."

त्यांचं खरं होतं. मी शिकले. दादाचा जुना कोट घेऊन घरी बसायची, वहिनीला म्हणायची, काहीतरी वाईट बोला. वहिनी माझ्या मेलेल्या नवऱ्याबद्दल बोलायची, त्याच्या आईबद्दल बोलायची, आणि मी टाके घालायची. हळूहळू असं झालं की कान ऐकायचे आणि हाताला त्याची वार्ता नसायची. या कामात मी पुढं इतकी तरबेज झाले की डॉक्टर पाहुण्यांना सांगायचे, "आमच्या बाई म्हणजे भिंत आहेत." मला त्याचा अभिमान वाटायचा.

बाजाराच्या दिवशी आम्ही सर्व्हिस मोटारीनं इंदापूरला जायचो. कचेरीच्या अलीकडं एका आडत्याच्या वखारीमागं डॉक्टरांनी खोली घेतली होती. मी गुळाच्या रिकाम्या खोक्यावर बसायची. दार होतं, पण फळ्या वाळून त्यांत फटी पडलेल्या.

तिथं हौसा आली.

सणसरच्या बाजूची. घर माळकऱ्यांचं, कॅनॉलच्या पाण्यावर वांगी, मिरची, घेवडा पिकवणारं. नवरा माल घेऊन इंदापूरच्या बाजाराला येई, त्यानंच तिला आणून सोडलं. "खात न्हाय, झोपत न्हाय, वाफ्यात बसली तर बसूनच ऱ्हाती," एवढं सांगून तो वांग्यांपाशी गेला.

डॉक्टरांनी नवऱ्याचं नाव विचारलं. हौसा गप्प. आमच्याकडं बाई नवऱ्याचं नाव घेत नाही हे डॉक्टरांना ठाऊक होतं, पण कागदावर लिहायला तर हवं. ते म्हणाले, "बरं, कशासारखं आहे?"

"देवाचं हाय."

"कुठल्या?"

"भादव्यात येत्यात त्ये."

"गणपत?"

"मी न्हाय म्हनलं," हौसा घाईनं म्हणाली. "तुमीच म्हनला."

आम्ही तिघंही हसलो. माझं तोंड भिंतीकडं होतं, पण तिचं हसू मला ऐकू आलं. खूप दिवस न वापरलेल्या रहाटासारखं होतं.

त्यानंतर दोन-तीन बाजार ती आली आणि काहीच बोलली नाही. पोटात दुखतं असंसुद्धा म्हणाली नाही. डॉक्टरांनी घाई केली नाही. ते घेवड्याचं विचारायचे, पाण्याच्या पाळीचं विचारायचे. ही त्यांची विद्या. मग एके दिवशी, न विचारता, हौसा बोलायला लागली.

"माजी पोरगी लई रडायची. पयली पोरगी. तिला खोकला हुता, मग ढाळ लागली. खाली ठिवली की रडायची, म्हनून मांडीवर घिऊन बसायची मी. किती राती, ते ठाव न्हाय. एक दिशी सकाळच्याला ती गप झाली. मान्सं आली, तिला घिऊन गेली. बाया रडत हुत्या. आत्याबाई ऊर बडवत हुत्या. आन् मी…"

मी टाका घातला. दोरा ओढला.

"मी भिताडाला टेकले आन् मला झोप लागली. ग्वाड झोप लागली, डागदर. आवतीभवती बाया रडत्यात आन् मी झोपलीय. उठले तवा दिवस कलला हुता आन् मला भूक लागली हुती. चुलीपाशी जाऊन शिळी भाकर खाल्ली. मीठ लावून. ती बी ग्वाड लागली. त्या दिसापास्नं मला झोप न्हाय. भाकर तोंडात माती हुती."

मी टाका घातला. दोरा ओढला.

"आई हाय का कोन हाय मी?"

डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "दमलेल्या माणसाला झोप येते, बाई. आई असली तरी. तुम्ही लेकराला शेवटपर्यंत मांडीवर घेतलंत. मग तुमच्या अंगानं आपली झोप वसूल केली. यात पाप नाही. हे याआधी कुणाला सांगितलंत?"

"कुनाला सांगायचं?"

"आज सांगितलंत ना. बस्स झालं."

ती रडली. मोठ्यानं नाही. माझ्या हातात दादाच्या दुकानातल्या एका सावकाराच्या कोटाचं वरचं काज होतं. ते मी पुरं केलं. चांगलं झालं होतं.

पुढच्या बाजाराला हौसा केस विंचरून, तेल घालून आली. माझ्यासाठी पदरात वांगी आणली होती. "घ्या, बसणाऱ्या बाई. देठाला काटं हायत, बघून धरा." डॉक्टरांना म्हणाली, रात्री डोळा लागतो. भाकरी जाते. वाफ्यात बसले तर उठते.

ती बरी होत होती. हे मी माझ्या डोळ्यांनी, म्हणजे कानांनी, बघितलेलं आहे.

त्याच दिवशी गणपत तिला न्यायला आला. डॉक्टर उठून दाराबाहेर गेले आणि दार ओढून घेतलं. हौसा खुर्चीत, मी खोक्यावर. फळ्यांच्या फटीतून शब्द न् शब्द आत येत होता.

"तुमची बायको बरी होते आहे," डॉक्टर म्हणाले. "तिच्या मनाला एक गोष्ट लागून राहिली होती. मुलगी गेली त्या दिवशी तिला झोप लागली आणि नंतर भूक लागली. त्याचा तिनं अपराध मानला. तुम्ही घरातल्यांनी तिला समजून घ्यायला हवं. टोचून बोलू नका. धाकात ठेवू नका. तिला आता मोकळी करा."

"व्हय," गणपत म्हणाला.

"कळलं ना?"

"व्हय डागदरसाहेब. मोकळी करा म्हनता."

"हां."

खोलीत हौसा हलली नाही. मी मान वळवली नाही. वळवायची नाही हाच नेम होता. आतल्या खोलीतलं बाहेर सांगायचं नाही, असं डॉक्टरांनी मला पहिल्या दिवशी देवाच्या फोटोपुढं शपथ घालून सांगितलं होतं. ती शपथ फक्त मला होती, हे मला त्या दिवशी कळलं.

पुढं बरेच बाजार हौसा आली नाही. मग तुळसाआजी आली. खुर्चीत बसायच्या आधीच माझ्या खोक्यापाशी उभी राहिली.

"हौशीला मोकळी केली गं," ती म्हणाली. "पंचाम्होरं काडी मोडली. सासू म्हनती, लेकरू मेलं आन् ही घोरत पडली, उठून भाकर खाल्ली, ही बाई न्हाय, हडळ हाय. गणपत पंचास्नी म्हनला, मी काय मनानं करत न्हाय, डागदरसाहेबांनीच सांगितलं, हिला मोकळी करा. एवढा शिकलेला मानूस सांगतोय. पंचांनी बी माना हालवल्या."

डॉक्टर टेबलामागून उठले. "मी तसं म्हटलं नव्हतं! मी म्हटलं, तिचं मन…" आणि थांबले.

"तुमी काय म्हनला ते त्यो जाणं," तुळसाआजी म्हणाली.

गणपतची ऐकण्यात चूक झाली असं डॉक्टर शेवटपर्यंत मानत होते. मला तसं वाटत नाही. बाजाराच्या दुसऱ्या टोकाला वांग्यांचा भाव कुणी कुजबुजला तरी गणपतच्या कानावर येत असे. स्वतःला हवा तो अर्थ त्यानं घेतला आणि त्यावर डॉक्टरांचा शिक्का मारला. वर्षाच्या आत त्यानं दुसरी केली असंही ऐकलं.

डॉक्टरांना वाईट वाटलं. त्या दिवशी त्यांनी काही खाल्लं नाही. पण पुढच्याच महिन्यात मामलेदारांकडं चहाला बसले असताना ते हा प्रसंग सांगत होते. "मी म्हणतो मोकळी करा, आणि हा गृहस्थ काडीमोड करून मोकळा! भाषेचा केवढा घोटाळा!" मामलेदार हसले. डॉक्टरही हसले. मी ओसरीच्या कडेला औषधाची पेटी मांडीवर घेऊन बसले होते. मग पुण्याहून कुणी आलं की हा किस्सा व्हायचा. हौसाचं नाव ते घेत नसत. 'एक अडाणी बाई' म्हणत. रोग्याचं नाव बाहेर सांगू नये, असा त्यांचा नेम होता.

तुळसाआजीनं त्या दिवशी आणखी एक सांगितलं होतं. "लोक म्हंत्यात, त्या बसणाऱ्या बाईनंच फोडलं. डागदर कशाला आसलं बोलंल?"

ते पसरलं. इंदापुरात पसरलं, मग बारामतीत आलं. विहिरीवर मी गेले की बायका बोलायच्या थांबायच्या. दोघी-तिघी रोगी बायका दवाखान्याच्या दारातून मला बघून परत गेल्या. एक जण तर कंपाउंडरला म्हणाली, "ती आत बसलेली हाय का? मग नको." ज्या तोंडातून कधी काही निघालं नाही, ते तोंड तालुक्यात बोलघेवडं ठरलं. डॉक्टरांनी एकदा कुणासमोर म्हणायला हवं होतं की बाईंनी सांगितलं नाही, मी सांगितलं. एवढं एक वाक्य. ते मला म्हणाले, "लोक बोलतात, तुम्ही मनावर घेऊ नका." दुसऱ्यांचं मनावर घेतलेलं ऐकून घेणं हा ज्यांचा धंदा, त्यांचं हे बोलणं.

माझं जेवण तुटलं. दिवसभर छातीत काहीतरी भरून राहायचं. टाके वाकडे पडायला लागले. दादानं दोन कोट परत दिले. खोलीत जे मी इतकी वर्षं ऐकत होते, तेच माझ्या घरी आलं होतं, आणि मी त्याला नावानिशी ओळखत होते.

डॉक्टरांच्या ध्यानात आलं. त्या बाबतीत त्यांची नजर चांगली होती. एके दिवशी सकाळी रोगी नव्हते, तेव्हा ते म्हणाले, "बाई, आज तुम्ही या खुर्चीत बसा."

मी बसले. त्या खुर्चीतून खोली निराळीच दिसते. डॉक्टरांचा चेहरा समोर, मागं खिडकी, आणि कोपऱ्यात तिवई. तिवई रिकामी होती. प्रत्येक बाईसाठी त्यांनी कोपऱ्यात एक बाई बसवली होती. माझ्यासाठी कुणी नव्हतं. मीही एक बाई आहे हे त्यांच्या लक्षात आलं नाही, आणि ते सांगायचं धाडस मला नव्हतं.

"मोकळेपणानं बोला," ते म्हणाले. "इथलं बाहेर जाणार नाही."

किती तरी होतं. तुम्ही सांगितलंत, हे होतं. तुम्ही हसलात, हे होतं. माझं नाव गेलं ते तुमच्यामुळं, आणि तरी तुमच्याइतकं चांगलं ऐकणारा माणूस मी दुसरा बघितला नाही, म्हणून तुम्हालाच सांगावंसं वाटतं, हेही होतं. ते थांबले होते. हौसासाठी थांबले होते तसेच, अजिबात घाई न करता. मी तोंड उघडलं.

"पोटात दुखतं," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडं बराच वेळ बघितलं. त्यांना कळलं असेल. पण मग त्यांनी कागद ओढला आणि औषध लिहिलं. कंपाउंडरनं पट्टी चिकटवलेली बाटली हातात दिली. ती मी घरी मोरीत ओतली. दुसऱ्या दिवसापासून कामावर गेले नाही. डॉक्टरांनी बोलावणं पाठवलं, दादा म्हणाला, "ती बोलत न्हाय." पुढं ते बारामती सोडून गेले.

हौसा मला एकदाच पुन्हा भेटली. वहिनीचं माहेरचं दैवत नरसिंहपूरचं. तिच्या नवसाला म्हणून आम्ही गेलो होतो. दर्शन झालं, वहिनी नदीकडं गेली, मी घाटाच्या पायऱ्यांशी सावलीला थांबले. तिथं एक बाई पळसाची पानं काड्यांनी टोचून पत्रावळी करत होती. तिनं मान वर केली.

"बसणाऱ्या बाई न्हवं?"

मला तिला ओळखायला वेळ लागला. जाड झाली होती, उन्हानं काळवंडली होती. भावाकडं राहते म्हणाली, देवळातल्या जेवणावळींना पत्रावळी देते. मी तिच्याजवळ बसले. तिनं हातातलं पान खाली ठेवलं आणि दोन्ही हात मांडीवर घेतले.

मी कुणाला आपणहून काही सांगत नाही. पण एवढं एक वाक्य माझ्याकडं कितीतरी दिवस तयार होतं.

"हौसा, मी कुणाला काही सांगितलं नाही."

ती हसली. "तुमी? तुमाला बोलाय येतंय व्हय? डागदर बोलला. दारात हुबा ऱ्हाऊन बोलला. मला काय ऐकाय येत नव्हतं का?"

मला इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. सगळा तालुका एकीकडं आणि ही एकटी एकीकडं, तरी पुरे, असं वाटलं.

"पर एक सांगू का बाई?" हौसा म्हणाली. "राग नका धरू. त्या दिशी मी ते माज्या पोरीचं बोलले. ते बोलताना माजं काळीज फाटत हुतं. आन् मागं तुमचा दोरा. सर्र… सर्र… एकदा बी थांबला न्हाय. मी वाट बघितली. म्हनलं, आता थांबंल. बाई हाय, थांबंल. न्हाय थांबला. तवाच माज्या मनात आलं, ह्या बाईचा हात थांबना, तर आमच्या घरचं कोन थांबतंय?"

मी म्हणाले, "डॉक्टरांनीच सांगितलं होतं. काही झालं तरी सुई थांबवायची नाही म्हणून."

हौसानं माझ्याकडं बघितलं. तिच्या तोंडावर राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

"त्यानं सांगितलं आन् तुमी ऐकलं," ती म्हणाली. "गणपतनं बी डागदराचंच ऐकलं."

तिनं त्याचं नाव घेतलं. भादव्यात येतात ते, असं नाही, नुसतं नाव. मोकळ्या केलेल्या बाईला ते घेता येतं. मग तिनं खालचं पान उचललं, काडी टोचली आणि पुढची पत्रावळ करायला लागली. वहिनी हाक मारत होती. मी उठले.

दादा गेला, दुकान त्याच्या मुलांकडं आहे. काजं अजून माझ्याकडं येतात. डोळ्यांनी जमतं तेवढी करते. हल्ली घरात कुणी दोन शब्द बोलायला माझ्याजवळ बसलं की मी आधी सुई कापडात टोचून ठेवते आणि हात मांडीवर घेते. वहिनी वैतागते. म्हणते, "अहो वन्सं, मी तर मीठ संपलंय एवढंच सांगाय आले. हात चालू ठिवा की."

मला आता ते येत नाही.